किती दिवस?

डॉ. पॉल कलानिधी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत होते. 'माझे किती दिवस उरले?' असे रुग्णाने विचारले की ते नेमका आकडा सांगण्याचे टाळीत. मे २०१३ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनाच फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे आणि तो शरीरात पसरल्याचे निदान झाले. धूम्रपान त्यांनी कधीच केले नव्हते. आता तोच प्रश्न ते आपल्या डॉक्टरांना विचारू लागले. आणि त्यांनाही आकडा मिळेना.

हा आकडा का मिळत नाही, हे व्यापाऱ्याला लवकर उमगावे. शंभर जणांना उधार माल दिला आणि निम्म्यांनी सहा महिन्यांत पैसे फेडले, एवढ्यावरून समोरचे गिऱ्हाईक कधी फेडील हे ठरत नाही. डॉक्टरांचा 'मध्यक' असाच असतो: त्या काळानंतरही निम्मे रुग्ण हयात असतात, आणि त्यांतील काही पुष्कळ पुढे जातात. शिवाय चौथ्या टप्प्याचा हा आजार एकाच जातीचा नसतो. ईजीएफआर जनुकात बदल सापडला, तर रोजच्या गोळीने तो बराच काळ आवरता येतो. कलानिधींना तीच गोळी मिळाली. एएलके प्रकारात लॉर्लाटिनिब घेणाऱ्या सुमारे ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढला नव्हता, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे बदल नसलेल्या, परंतु पीडी-एल१ चे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांपैकी इम्युनोथेरपीने उपचार सुरू केलेले सुमारे ३२ टक्के पाच वर्षे जगले. केमोथेरपीने सुरू केलेले १६ टक्के. लहान पेशींच्या प्रकारात मात्र असा दिलासा फार थोडा. तेव्हा तपासणीचा अहवाल येण्यापूर्वी आकडा मागणे म्हणजे माल न पाहता भाव ठरविणे होय.

तरीही कलानिधींचा आग्रह भाबडा नव्हता. तीन महिने असतील तर ते कुटुंबात घालवावे, वर्ष असेल तर पुस्तक लिहावे, दहा वर्षे असतील तर रुग्णसेवेकडे परतावे, असा त्यांचा हिशेब होता. गोळीचा गुण येताच ते शस्त्रक्रियागृहात परतले. जुलै २०१४ मध्ये त्यांना मुलगी झाली. मार्च २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. अपुरे पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

व्यापारी घरांत हा आकडा बहुधा मुलाला किंवा धाकट्या भावाला दाराबाहेर सांगितला जातो, आणि पेढी सांभाळणाऱ्याला 'छातीत जरा पाणी झालंय' एवढेच. हेतू मायेचा असतो. पण ज्याच्या सहीवाचून गोदामाचे कागद अडतात, ज्याला बहिणीचा वाटा द्यायचा आहे, कुणाची तरी क्षमा मागायची आहे, तोच अंधारात राहतो. त्याला विचारावे, किती जाणून घ्यायचे आहे? नको म्हणाला तर तोही त्याचा अधिकार. हवे म्हणाला तर डॉक्टरांकडे एक तारीख मागू नये. चांगले झाल्यास किती, सर्वसाधारणपणे किती, वाईट झाल्यास किती, असे विचारावे.

वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरांनाही सुरुवातीलाच भेटावे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील अभ्यासात, पसरलेल्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना ही सेवा निदानानंतर लगेच मिळाली, त्यांचा मध्यक ११.६ महिने होता. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांचा ८.९.