चित्रांनी राखून ठेवलेलं

भिलाईत ‘रशियन पुस्तकं’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९५५च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने इथे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ला पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्या स्नेहाची खूण म्हणून मैत्रीबाग आजही गावात आहे. मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ प्रकाशनांची स्वस्त, सुबक पुस्तकं हिंदीत होती, तशी अनिल हवालदारांच्या अनुवादांमुळे मराठीतही होती. बालपुस्तकांतली चित्रं हा माझ्या अभ्यासाचा विषय. ही पुस्तकं आज पुन्हा वाचताना त्यांतला बराच मजकूर जुना झालेला दिसतो. चित्रं तशी झालेली नाहीत, कारण मजकुराने न सांगितलेलं पुष्कळ काही चांगल्या चित्रकाराने त्यांत नोंदवून ठेवलेलं असतं.

येवगेनी राचेव यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला चितारलेली हातमोज्याची गोष्ट घ्या. बर्फात पडलेल्या हातमोज्यात उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. गोष्ट एवढीच. पण चित्रात पानागणिक त्या मोज्याचं घर होत जातं: शिडी लागते, खिडकी निघते, धुराडं येतं. प्राण्यांच्या अंगावर युक्रेनी खेड्यातले कपडे आहेत. मूळ लोककथाही युक्रेनचीच. मॉस्कोचा शिक्का पाहून आपण तिला सरसकट रशियन म्हणत आलो; चित्रातला पेहराव मात्र पहिल्यापासून तिचं गाव सांगत होता. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर ते न दिसणं शक्य नाही. भिलाईच्या उन्हाळ्यात मोजा आणि बर्फ परकेच, हा आक्षेप रास्त आहे. पण वस्तू परकी असली, तरी दाटीवाटीने मावणं मुलाला चित्रातून लगेच कळतं.

हा सगळा प्रचारच होता, असंही म्हटलं जातं. काही पुस्तकांत होताच. कवी मार्शाक यांच्या १९३३च्या ‘मिस्टर ट्विस्टर’मध्ये वर्णद्वेष्ट्या अमेरिकन धनिकाला लेनिनग्राडमध्ये अद्दल घडते. वर्णद्वेषाविरुद्धचा राग आजही खरा वाटतो, स्वतःच्या देशाबद्दलची आत्मसंतुष्टी खटकते. कथाकार गायदार यांच्या १९३९च्या ‘चुक आणि गेक’मध्ये दोन मुलांना घेऊन एकटीने तैगात जाणारी आई आजही टवटवीत आहे, पण शेवटी मॉस्कोच्या घड्याळाच्या ठोक्यांवर सगळा देश सुखी दिसतो, तेव्हा त्याआधीच्या दोन वर्षांतल्या स्तालिनच्या अटकसत्रांची आणि गोळ्या घालून दिलेल्या देहदंडांची आठवण प्रौढ वाचकाला गप्प बसू देत नाही. हे मान्य करूनही चित्रकारांना सरकारी भाट ठरवता येत नाही. ‘ट्विस्टर’चे चित्रकार व्लादिमीर लेबेदेव यांच्यावर १९३६ साली खुद्द ‘प्राव्दा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने झोड उठवली होती. सत्तेला जे खुपलं, ते त्यांच्या मोकळ्या, ठसठशीत आकारांत होतं, आणि तेच आज ताजं आहे.

उरतो स्मरणरंजनाचा आरोप. तो मोठ्यांना लागू आहे. पण सुतेयेव यांचं अळंबीखाली पावसात गोळा होणाऱ्या प्राण्यांचं पुस्तक उघडणाऱ्या आजच्या मुलाला सोव्हिएत संघ ठाऊकच नसतो. सुतेयेव ॲनिमेशनपट करणारे. अळंबी वाढते आहे हे ते चित्रांच्या क्रमातून दाखवतात, आणि मूल पानं मागेपुढे करून ते ताडून पाहू शकतं. म्हणून पुनर्मुद्रण करताना नव्या चित्रांची हौस नको. जुनी चित्रं नीट छापावीत, ‘हातमोजा’वर ‘युक्रेनी लोककथा’ असं लिहावं आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर द्यावं.