राज्य नसलेला महाराजा

आमच्या मामांनी सांताक्रूझच्या विमानतळावर आयुष्यभर परक्यांचे सामान विमानात चढवले. स्वतः ते विमानात कधी बसले नाहीत. मात्र त्यांच्या खांद्याला 'एअर इंडिया' अशी अक्षरे असलेली एक बॅग सदैव लटकलेली असे. कुणा साहेबाने दिलेल्या त्या बॅगेतून मामा आपला जेवणाचा डबा नेत. घरातील कपाटाच्या दारावर त्याच कंपनीचे एक पोस्टकार्ड डकवलेले होते. त्यावरील फेटेवाला महाराजा छातीवर हात ठेवून, लवून आम्हांस नमस्कार करी.

या महाराजाचा जन्म राजवाड्यात झाला नाही. 1946 मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी त्याला घडवले, ते प्रवाशांना विमानात चिठ्ठ्या लिहिण्यासाठी द्यावयाच्या साध्या कागदी पॅडकरिता! पुढे तो भित्तिपत्रकांवर अवतरला, टोकियोच्या जाहिरातीत सुमो पैलवानही झाला. तो दिसतो राजासारखा, पण राजवंशातला नव्हे, असे खुद्द कूकांचेच म्हणणे असे. 1971 मध्ये खऱ्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. कागदावरचा महाराजा मात्र टिकून राहिला.

भेटवस्तूंचाही थाट काय वर्णावा! 1967 मध्ये साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराने एअर इंडियासाठी चिनी मातीची रक्षापात्रे रेखिली आणि मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागून घेतले.

1988 च्या जूनमध्ये आम्ही सेमिनरीत निघालो, तेव्हा मामांनी ती बॅग आमच्या खांद्यावर अडकवली. सोबत्यांनी कौतुकाने विचारले, "कोणत्या देशी जाऊन आलास?" आम्ही नुसते हसलो. खोटे बोललो नाही, पण खरेही सांगितले नाही. मामा लोडर आहेत, हे चार शब्द आमच्या ओठांवर आलेच नाहीत.

मामा आता नाहीत. बॅगेचा बंद तुटला असून अक्षरेही पुसट झाली आहेत. ज्या नावाचा आम्ही तोरा मिरवला, त्यात मामांनी निमूटपणे भाकरी वाहिली. राजा नसताना राजाचा वेष घेऊनही तो महाराजा सर्वांपुढे वाकत होता. आम्ही मात्र उसन्या वेषात ताठ उभे राहिलो.

ते चार शब्द आज येथे लिहीत आहोत: आमचे मामा लोडर होते.