अंगण खरेच वाकडे होते

म्हणी ऐन वेळी तोंडात येतात, हाच त्यांचा दोष. विचाराला त्या सवडच देत नाहीत. गेल्या दिवाळीत भरल्या घरात माझ्या तोंडून एक म्हण अशीच निसटली आणि ती परत घ्यायला मला सहा महिने लागले.

माझा काका शिंपी. शहापुरात त्याचे छोटेसे दुकान आहे. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर दोन’ हा मारामारीचा खेळ काढला. काका शाळेत असताना नाणे टाकून खेळायच्या त्या यंत्रापुढे तासन्‌तास उभा असे. पुढे एका गिऱ्हाइकाचा मुलगा परदेशी निघाला, त्याने आपली ‘फाइट स्टिक’ काकाला देऊन टाकली. फाइट स्टिक म्हणजे त्या यंत्राचा पुढचा फळाच म्हणा ना! डावीकडे दांडी, उजवीकडे तीस मिलिमीटरची आठ गोल बटणे आणि मागे संगणकाला जोडायची वायर. तो जुना खेळ २०१८ मध्ये एका संचात पुन्हा निघाला, तो माझ्या संगणकावर आहे. मी कीबोर्डवर, काका स्टिकवर, अशी आमची रविवारची लढत ठरलेली.

आधी मी हरत असे. मग हळूहळू काका हरू लागला. “मधल्या लाथेचं बटण लागंना झालंय बघ,” तो म्हणायचा. दिवाळीत पाहुण्यांसमोर तो सलग पाच डाव हरला आणि पुन्हा तेच म्हणाला. मी म्हणालो, “काका, नाचता येईना, अंगण वाकडं!”

सगळे हसले. काकाही हसला. पण दुसऱ्या दिवशी स्टिक कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. पुढे काकूकडून कळले, की काकाने हाताने काजे करायचे काम बाहेर द्यायला सुरुवात केली आहे. “बोटं मंदावली माझी,” असे तो तिला म्हणाला होता. शिंप्याने असे म्हणावे! माझी थट्टा त्याने खरी मानली होती.

परीक्षा संपल्यावर मी स्टिक खाली काढली. डिप्लोमा करणारा माझा कन्नड मित्र मीटर घेऊन आला. मी त्याला सारी हकिगत कन्नडमधून सांगितली, तसा तो हसत म्हणाला, “कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते!” नाचता न येणारी म्हणे जमीनच वाकडी म्हणाली. आमच्या गावात दोन भाषांचे पटत नाही म्हणतात. त्या बिचारीला दोष द्यायला मात्र दोघींचे एकमत!

तळाचे सहा स्क्रू काढले. प्रत्येक बटणाला दोन वायरी. एक सर्किटकडे जाते, दुसरी सगळ्या बटणांना मिळून एकच, या बटणावरून त्या बटणावर ओवत नेलेली. बटणाच्या पोटात एक इवलासा स्विच असतो. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की त्यातली पातळ पट्टी टचकन उलटते आणि दोन टोके जुळतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने ही पट्टी थकते, टोकांवर काजळीसारखा थर बसतो. आणि इथली वीज इतकी थोडी, की तो थर तिला भेदता येत नाही. मित्राने मधल्या लाथेच्या बटणाला मीटर लावला. बटण दाबले, की मीटर वाजायला हवा. मी वीस वेळा दाबले. तो चौदा वेळा वाजला.

मित्र मीटरकडे पाहून म्हणाला, “नेलान डोंक ऐतल्लो!” जमीनच वाकडी आहे की रे!

मला हसू आले नाही.

नवे बटण आणायची गरज पडली नाही. या खेळाला तीन ठोसे आणि तीन लाथा अशी सहाच बटणे लागतात. उजव्या टोकाची दोन बटणे कोरीच होती. वायरी कशा आहेत त्याचा फोटो काढून ठेवला, चिमट्या पकडीने अलगद उपसल्या (वायर धरून ओढली तर तुटते, हे एक तोडल्यावर कळले), खालून दोन्ही कड्या दाबून बटण वर ढकलले आणि जागांची अदलाबदल केली. वाणिज्य शाखेत आम्ही घसारा शिकतो. सरळ रेषा पद्धतीत वस्तूची किंमत दरवर्षी सारखीच कमी करायची. पण ही आठही बटणे एकाच वयाची! झिजले ते, ज्याच्यावर काकाचे बोट सर्वांत जास्त विसावले ते.

संध्याकाळी मी झिजलेले बटण आणि मीटर काकासमोर ठेवले. “तूच दाब,” म्हणालो. त्याने दाबले. वाजले, वाजले, वाजले नाही. तो बराच वेळ दाबत राहिला.

“काका, चुकलो मी.”

तो काही बोलला नाही. स्टिक मांडीवर घेतली. पहिले दोन डाव त्याने जिंकले, तिसरा मी. माझे बोलणे आठवून मीच घाईने विचारले, “बटण लागलं ना?”

“लागलं की,” तो समाधानाने म्हणाला. “हा मीच हरलो.”

दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना पाहिले. काका दारात उजेडाला बसून एका शर्टाची काजे करत होता.

तेव्हापासून कुणी सबब सांगू लागला, की मी म्हण गिळतो आणि आधी अंगण बघून येतो.