आकड्याचा माग

आरोग्य-संशोधनासाठी गावोगावी गोळा झालेली माहिती मी सांभाळते. प्रत्येक नोंद कुणाच्या तोंडून किंवा कुठल्या कागदावरून आली, ती कुणी आणि कधी लिहिली, पुढे कुणी बदलली आणि का, हे सगळं त्या नोंदीसोबत टिकवायचं, हे माझं काम. सातबारा हाताळलेल्या माणसाला ते लगेच समजेल. तिथे खातेदाराच्या नावाशी फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागे गेलं की जमीन वारसाने आली की खरेदीने, हे उलगडतं. माणसाच्या शरीराबद्दलच्या नोंदीला निदान एवढा तरी मान मिळायला हवा.

बीड-परळी रस्त्यावरच्या तेलगावच्या परिसरात या कामाची खरी कसोटी लागते. जवळच साखर कारखाना आहे, तरी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन इथली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. बाई सांगते, "पिशवी काढली." पिशवी म्हणजे गर्भाशय. कधी? "धाकट्याला शाळेत घातलं त्या साली." वय विचारलं की ती आधार कार्ड पुढे करते. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी, अनेकींची असते तशीच. थोरल्या मुलीच्या वयावरून हिशोब केला तर वय वेगळंच निघतं. अशा वेळी दोन्ही वयं लिहायची, एकापुढे 'आधारवरून' आणि दुसऱ्यापुढे 'मुलीच्या वयावरून'. सोयीचं एक ठेवून दुसरं पुसायचं नाही.

पुढचा प्रश्न असतो, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का? पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून हे उत्तर मोलाचं. पण ते बहुतेक वेळा बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. 'काढली नाहीत', 'तिला माहीत नाही' आणि 'कागद मिळाला नाही' ही तीन वेगळी उत्तरं आहेत. संगणकात तिन्हींना एकच शून्य दिलं, तर अंडाशयं शाबूत असल्याचा निष्कर्ष निघेल आणि तो खोटा असेल. दुरुस्तीचंही तसंच. चुकलेल्या अक्षरावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही, तारीख आणि कारण. पांढरी शाई वापरायची नाही.

हे किती गरजेचं आहे ते २०१९ साली दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. त्यानंतर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पहिल्या आकड्याचा उगम रुग्णालयांत आहे. त्यात ठरावीक तीन वर्षं आहेत आणि ऊस न तोडणाऱ्या बायकाही आहेत. दुसऱ्याचा उगम खुद्द बायकांपाशी आहे. शस्त्रक्रिया कुठल्याही साली, कुठेही झालेली असू शकते. म्हणून एक आकडा दुसऱ्याला खोटं पाडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. बीडचे जवळपास १७ टक्के त्याशेजारी मांडताना वयोगट तपासून घ्यावेच लागतात. आपण हे तपासलं नाही, तर ज्याला प्रश्नच नाकारायचा आहे तो नेमक्या याच फटीतून निसटतो.

मोठ्या नावांनाही यातून सूट नाही. २०२० च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजारांवर कोविड रुग्णांची माहिती त्यात असल्याचा दावा होता. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने त्या दिल्या नाहीत आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात निबंध मागे घेतला गेला. जगातल्या नामांकित तज्ज्ञांना जो प्रश्न आधी विचारायचा राहून गेला, तो आमची आशा कार्यकर्ती दारात उभी राहून विचारते: "कागद आहे का?"

हा कागद फार काळ थांबत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं सांभाळायच्या असतात. त्यानंतर त्या बाईच्या पेटीतलं डिस्चार्ज कार्ड हाच काय तो पुरावा उरतो, आणि पेटी दरवर्षी तोडीच्या मुक्कामावरच्या कोपीतून कोपीत फिरते. याच नियमांत असंही आहे की रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात. तेव्हा तुमच्या घरात, शेजारी, वस्तीवर कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर तिच्यासोबत जा. डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या, दोन प्रती काढा आणि एक गावातच ठेवा. ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघण्याआधी एवढं करा.