घामाची साक्ष

आमच्या कोकणात घामाला कोणी किंमत देत नाही. आश्विनातल्या दुपारी बुरोंडीच्या बंदरावरून चढण चढून वर यावे, तर मासळीवालीपासून पोस्टमनपर्यंत सारेच निथळत असतात. पण कधीकधी घामाच्या साक्षीवर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे मला शेजारच्या काकूंमुळे कळले.

काकूंचा मधुमेह जुना. इन्सुलिनची सुई रोजची. पुढे छातीतल्या धडधडीसाठी डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर जातीची गोळी सुरू केली. गोळी गुणाची निघाली. नाडी शांत झाली. त्यानंतरच्या एका संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत काकू ओटीवर बसल्या होत्या. अंग घामाने चिंब. "उकडतंय मेलं!" म्हणाल्या. पण जीभ जड झालेली, आणि सुनेला त्या लेकीच्या नावाने हाका मारू लागल्या. सून शहाणी. तिने बोट टोचून यंत्रावर पाहिले, तर साखर ५२! साखरपाणी पोटात गेले आणि पंधरा-वीस मिनिटांनी काकूंनी विचारले, "चंद्र दिसला का गो?"

डॉक्टरांनी मग उलगडा केला. साखर ७०च्या खाली जाऊ लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडते. छाती धडधडते, हात कापतात. 'काहीतरी खा' अशी ती दवंडीच. बीटा ब्लॉकर या ॲड्रेनलिनला हृदयाच्या दारातच अडवतो. दवंडी थांबते, संकट थांबत नाही. प्रोप्रानोलॉलसारखे औषध तर यकृतातून सुटणारी राखीव साखरही अडवू शकते. मेटोप्रोलॉल त्या मानाने सौम्य. घामाचा कारभार मात्र ॲसिटिलकोलीन नावाच्या निराळ्या दूताकडे असतो. म्हणून तो बिचारा इमानाने साक्ष देत राहतो.

यात गोळीला दोष देऊ नये. प्रोप्रानोलॉल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते काही उगीच नव्हे. शिवाय ही गोळी आपल्या मनाने एकाएकी सोडली, तर हृदयच उलटते.

दिवाळीत सुई वेळेवर टोचली जाते, पण पाहुण्यांच्या सरबराईत स्वतःचा फराळ लांबतो. अशा वेळी घरातल्या मधुमेह्याला घाम फुटला, तर पंखा लावण्याआधी साखर तपासावी. यंत्र हाताशी नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा. आणि उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. देव काही त्याने रागावत नाही.