घग्गरपलीकडचे प्रदर्शन

चंदीगड पाहून परतलेला प्रवासी बहुधा सुखना तलाव, नेकचंद यांची दगडांची बाग आणि आखीव रस्ते यांचे वर्णन करतो. डेराबस्सीचे नाव त्याच्या तोंडून सहसा निघत नाही. निघावे तरी कशाला? चंदीगडहून अंबाल्याच्या वाटेला लागले, झिरकपूरची गर्दी मागे टाकली आणि घग्गर नदीवरचा पूल ओलांडला, की हे गाव लागते. अंतर अवघे वीसेक किलोमीटर. मोटारीच्या खिडकीतून दिसतात ती दुकाने, ट्रकांच्या रांगा, औषधांच्या, रसायनांच्या आणि सुताच्या कारखान्यांची धुराडी, आणि त्यांच्यामागे गव्हाची शेते. २००६ साली मोहालीचा नवा जिल्हा झाला, तेव्हा पतियाळा जिल्ह्यातला हा भाग त्यात गेला. प्रेक्षणीय स्थळांच्या पुस्तिकेत घालावे असे येथे काही नाही. तरीही गेल्या फाल्गुनात मी तेथे दोन दिवस काढले, आणि ते एका प्रदर्शनामुळे.

चंदीगडात माझ्या माहेरच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले. छायाचित्रणाचा छंद त्यांना तरुणपणापासूनचा. गेली काही वर्षे त्यांनी घग्गरच्या काठाने हिंडून वीटभट्ट्या, शेते, गुरांचे बाजार आणि कारखान्यांची पाळी सुटताना होणारी गर्दी टिपली. त्यांतली चाळीस छायाचित्रे निवडून, काचेच्या चौकटीत बसवून त्यांनी शहरातील एका दालनात आठवडाभर मांडली. लोक आले, चहा झाला, प्रकाशाच्या आणि छायेच्या गोष्टी झाल्या. शेवटच्या दिवशी चौकटी उतरवताना काकू म्हणाल्या, "अहो, या चाळीस चित्रांत शंभर तरी माणसं असतील. त्यांतलं एक तरी इथं येऊन गेलं का?"

काका काही बोलले नाहीत. पण महिन्याभराने त्यांचा मला फोन आला, "प्रदर्शन डेराबस्सीला न्यायचं ठरवलंय. तू भाषांतराचं काम करतेस ना? मग चार दिवस रजा काढून ये. चित्रांखालच्या ओळींचं काही तरी करायला हवं."

दिल्लीहून गाडीने निघाले. पानिपत आले तेव्हा डब्यातल्या एका नागपूरकर कुटुंबाने मुलांना खिडकीशी बोलावून स्थानकाची पाटी दाखवली. मराठी माणसाला तेथे गप्प बसवत नाही. याच प्रदेशातून १७५८ साली मराठी फौजा सरहिंदवरून पुढे गेल्या आणि १७६१ साली पानिपतावर सारे संपले. पण पंजाबशी आपले नाते तलवारीच्या फार आधीचे आहे, आणि त्याचा प्रत्यय मला डेराबस्सीत आला. त्याविषयी पुढे सांगेनच.

चंदीगडला पोचल्यावर पहिला दिवस सामानात गेला. प्रदर्शन रस्त्यावर न्यायचे तर त्याचा सारा संसारच बदलावा लागतो. काच प्रथम जाते, कारण टेम्पोच्या हादऱ्यांत ती टिकत नाही, आणि टिकली तरी उन्हात तिच्यात चित्राऐवजी पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो. म्हणून चित्रे सनबोर्डावर चिकटवली, कडांना चिकटपट्टी लावली, वरच्या कोपऱ्यांत भोके पाडून तारेचे आकडे अडकवले. नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, दोन शिड्या, एक जुनी सतरंजी. काकूंनी पोळ्यांचा डबा त्याच यादीत लिहिला होता.

बांधाबांध चालली असता काकांनी एक गोष्ट सांगितली. चंदीगडच्या सेक्टर दहामधले सरकारी संग्रहालय पुष्कळांनी पाहिलेले असते. पण त्यातल्या मूळ संग्रहाने किती प्रवास केला, हे थोड्यांना ठाऊक असते. फाळणीनंतर १९४८ साली लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी झाली. साठ टक्के वस्तू तिकडे राहिल्या, चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आल्या. गांधार शैलीतल्या त्या मूर्ती आणि ती पहाडी चित्रे अमृतसर, सिमला, पतियाळा अशी मुक्काम करीत अखेर चंदीगडला आली. त्यांच्यासाठी बांधलेली इमारत १९६८ साली खुली झाली. "त्यांना वीस वर्षं लागली," काका हसून म्हणाले, "आपल्याला एक तास."

माझे काम वाटले होते त्याहून अवघड निघाले. दालनात चित्रांखाली इंग्रजी ओळी होत्या आणि त्या मोठ्या सुबक होत्या. सर्वांत गाजलेले चित्र एका वीटभट्टीवरच्या बाईचे होते. ती उकिडवी बसून साच्यात चिखल दाबते आहे, पदर मागे सरकला आहे, मागे कच्च्या विटांची लांबच लांब ओळ, आणि बाजूने पडलेले सकाळचे ऊन. या चित्राला बक्षीसही मिळाले होते. खालच्या ओळीचा अर्थ 'मातीचे संगीत' असा काहीसा होता. मी तिचे हिंदी केले. शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका गुरुमुखीत पंजाबी लिहून देणार होत्या. त्यांनी ओळ वाचली, चित्र पाहिले आणि विचारले, "यात संगीत कुठे आहे? ही तर विटा पाडते आहे."

अनुवादकाला असा प्रश्न फार उपयोगी पडतो. आम्ही दोघींनी मिळून चाळीसही ओळी नव्याने लिहिल्या. त्या चित्राखाली आता दोन लिप्यांत एवढेच होते: 'विटा पाडणारी बाई, घग्गरकाठची भट्टी.' काका थोडे हिरमुसले, पण त्यांनी मान्य केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या हत्तीवर, म्हणजे त्या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या टेम्पोवर, सारे लादून आम्ही निघालो. घग्गरच्या पात्रात पाणी थोडे आणि वाळू फार होती. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारी ही नदी पावसाळ्यात पूर आणते आणि एरवी अशी पडून राहते. तीच प्राचीन सरस्वती असे मानणारेही पुष्कळ आहेत. पूल ओलांडून गावात शिरलो, तो पहिलाच अपशकुन. ज्या संस्थेने आपल्या आवाराची भिंत देण्याचे कबूल केले होते, तिच्या कारभाऱ्यांनी ऐनवेळी नकार दिला. कारण कळले नाही. काकू म्हणाल्या, "चला, भिंत नाही तर झाड."

झाड मिळाले. बसच्या थांब्यापासून जवळच एका चहावाल्याच्या टपरीमागे पिंपळ होता आणि पुढे लोखंडी कुंपण. चहावाल्याला गिऱ्हाईक हवे होतेच. पिंपळापासून कुंपणापर्यंत तीन दोऱ्या ताणल्या आणि चित्रे लटकवली. फाल्गुनातला वारा आम्ही हिशेबात धरला नव्हता. पहिल्या झुळुकीसरशी सगळी चित्रे पाठमोरी झाली. मग प्रत्येकाच्या खालच्या कडेला अर्धी वीट बांधली. विटांच्या चित्रांना विटांचीच वजने लागली, याचे टपरीवरल्या मंडळींना फार हसू आले.

दालनात चित्रापुढे दोन पावले मागे सरून डोळे बारीक करणारे लोक मी पाहिले आहेत. येथे लोक चित्राला नाक लावून पाहत, आणि प्रथम पाहत ते कोपरे: ट्रॅक्टर कोणत्या बनावटीचा आहे, म्हैस कोणाची असावी, मागची ती भिंत अजून आहे की पाडली. एका सरदारजींनी गव्हाच्या शेताच्या चित्रापुढे उभे राहून पीक कोणत्या पंधरवड्यातले आहे ते सांगितले, आणि काकांनी वही उघडून पाहिली तर ते बरोबर निघाले. एक म्हाताऱ्या बीजी हळूहळू तिन्ही ओळी पाहून माझ्यापाशी आल्या आणि कुठली म्हणून विचारू लागल्या. महाराष्ट्र म्हणताच त्यांनी माझा हात हातात घेतला. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला त्या जाऊन आल्या होत्या. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, ते हे ठिकाण. आणि "भगत नामदेवजी" तर त्यांच्या रोजच्या पाठातले. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांचे वास्तव्य झालेल्या घुमानला २०१५ साली आपले मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपण वाचलेले असते. पण परमुलखातल्या चहाच्या टपरीवर एखादी आजी आपल्या नामदेवाचे नाव घरच्या माणसासारखे घेते, तेव्हा ते वाचलेले निराळेच वाटू लागते.

दुपारनंतर सूतगिरणीची पाळी सुटली. सायकलींचा लोंढा आला. यांतले बहुतेक उत्तर प्रदेशाचे, बिहारचे. पंजाबी ओळींकडे न पाहता ते हिंदी वाचत. सायकलीवरून पाय न उतरवता, एक टाच जमिनीला टेकून पाहत आणि पुढे जात. मी पाहिले, की दोरी त्यांच्या डोळ्यांच्या बरीच खाली आहे. दोन दोऱ्या आम्ही हातभर वर घेतल्या.

त्या लोंढ्यातला एक विशीतला तरुण मात्र थांबला, मागे वळला आणि निघून गेला. अर्ध्या तासाने तो एका प्रौढ माणसाला घेऊन आला. दोघे विटा पाडणाऱ्या बाईच्या चित्रासमोर उभे राहिले. मग तरुण काकांना म्हणाला, "ही माझी काकी आहे. डोक्यावर पदर नाही. साऱ्या बाजारात टांगलंय. उतरवा."

काकांनी समजूत घातली. चित्रात अप्रतिष्ठेचे काही नाही, उलट कष्टाचा गौरव आहे, मोठमोठ्या लोकांनी वाखाणले आहे, बक्षीस मिळाले आहे. तरुणाने विचारले, "तिला काय मिळालं?" आणि मग, "तिचं नाव तरी तुम्हाला ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मी त्या क्षणी काकांच्याच बाजूची होते. सबंध प्रदर्शनातले तेच सर्वांत चांगले चित्र होते, आणि एका पदरासाठी ते गुंडाळून ठेवावे हे मला रुचले नाही. घरच्या पुरुषांनी बाईच्या वतीने बोलावे हेही रुचले नाही. काकू मात्र शिडीवर चढल्या आणि चिमटे काढून चित्र उतरवले. "आधी तिला विचारू," एवढेच म्हणाल्या.

रात्री चंदीगडला परतताना गाडीत याच गोष्टी चालल्या होत्या. काकांना आठवले ते 'द फॅमिली ऑफ मॅन'. एडवर्ड स्टाइकेन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ साली मांडलेले ते जगप्रसिद्ध प्रदर्शन: अडुसष्ट देशांतील पाचशे तीन छायाचित्रे. १९५६ साली ते मुंबईच्या जहांगीर कलादालनात आले होते. जगभरात नव्वद लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज त्याचा एक संच लक्झेंबर्गमधल्या क्लेर्व्हो येथील किल्ल्यात कायमचा मांडलेला आहे. पण १९५९ साली मॉस्कोत ते भरले असता एका नायजेरियन विद्यार्थ्याने त्यातली काही चित्रे फाडली. आफ्रिकेची माणसे यात उघडीवाघडी, हीन दाखवली आहेत, ही त्याची तक्रार. त्या प्रदर्शनात चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव होते, देशाचे नाव होते. चित्रातल्या माणसाचे बहुधा नव्हते.

मला आठवत होते ते आपल्याकडचे, पी. साईनाथ यांचे. 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' हे त्याचे इंग्रजी नाव. 'दिसणारे काम, न दिसणाऱ्या बाया' असे मी मराठीत म्हणेन. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून त्यांनी खेड्यापाड्यांतल्या कष्टकरी स्त्रियांची छायाचित्रे काढली आणि ती दालनांपुरती न ठेवता बसस्थानकांवर, रेल्वे स्थानकांत, कारखान्यांच्या दारांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडली. सात लाखांहून अधिक माणसांनी ती पाहिली. वीटभट्टीवरची बाईदेखील त्यात आहे. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या दराने मिळते. नवराबायको दोघे विटा पाडतात, कित्येकदा मुलेही, आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लागतो. डेराबस्सीतल्या बाईचे नाव ठाऊक नसलेले आम्ही तिघेच नव्हतो, एवढे समाधान करून घ्यायचे तर घेता आले असते.

सकाळी भट्टीवर गेलो. काकांनी ते चित्र जुन्या चादरीत गुंडाळून घेतले होते. तो तरुण वाट दाखवायला आला, पण बोलत नव्हता. बाई कामावर होती. तिने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि चित्र मांडीवर ठेवून पाहू लागली. चेहऱ्याकडे तिने फारसे पाहिलेच नाही. तिचे बोट विटांच्या ओळीवरून फिरत होते. "ही ओळ गेल्या सालची," ती म्हणाली. "इथं वाकडी झालीय बघा. पाऊस येणार होता, घाई केली. या साऱ्या विरघळल्या." पावसात गेलेल्या कच्च्या विटांचे पैसे मिळाले नव्हते, हे तिने ज्या सुरात सांगितले त्यात तक्रारही नव्हती.

मग ती मोकळेपणी हसली आणि म्हणाली, इतकी जवळून आपण किती वर्षांत स्वतःला पाहिले नाही. काकूंनी विचारले, "हे लोकांना दाखवलं तर चालेल?" तिने नवऱ्याकडे पाहिले. तो दूर बघत होता. पुतण्या म्हणाला, "इथल्या बाजारात नको." बाई थोडा वेळ गप्प राहिली. "इथं नको," ती म्हणाली, "पुढच्या गावाला लावा. नाव माझं लिहू नका. गावाचं लिहा. बांदा जिल्ह्यातलं आमचं गाव आहे."

चित्राची एक प्रत काकांनी तिला दिली. ती तिने खोपटात नेऊन कोणत्या तरी पेटीच्या तळाशी ठेवली असावी, कारण बाहेर यायला तिला वेळ लागला.

दुपारी आम्हाला लालडूला निघायचे होते. टेम्पोच्या फळीवर बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून मी नवी ओळ लिहायला घेतली. गावाचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. बाई ते दोनदा म्हणाली, तरी शेवटचे अक्षर मला नीट लागेना. आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही हे तिला पाहता येत नव्हते. शेवटी पुतण्याने पुठ्ठा माझ्या हातून घेतला, ओठ हलवीत वाचला, एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायला सांगितली, आणि मग काकीकडे वळून सबंध ओळ मोठ्याने वाचून दाखवली.