स्पिटफायरला धाप लागते

खेडला कोकण रेल्वेतून उतरून एस.टी.त बसलो, की दापोलीची चढण लागते. अंतर जेमतेम २८ किलोमीटर. पण गाडी कण्हू लागली, की माझा पाय नसलेला क्लच दाबू लागतो. हा मामांचा संसर्ग. मामा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. लहानपणी त्यांच्या गाडीतून कशेडी चढलो, की माथ्यावर गाडी थांबे. मामा रेडिएटरचे झाकण लगेच उघडीत नसत. विडी संपली, की मगच पाणी. आता कशेडीला बोगदा झाला, आणि मामांचे गुडघे गेले. केळसकर नाक्यापर्यंत चला म्हटले, तरी ‘तिथे काय आहे?’ म्हणतात.

यंदा दिवाळीला पुण्याचा नातू आला होता. त्याचे आणि आजोबांचे संभाषण ‘जेवलास?’ आणि ‘हो’ यांवर संपे. मग तो संगणकावर लढाऊ विमान उडवीत बसे. विमान स्पिटफायर; १९४७ साली काश्मीरच्या लढाईत आपल्या हवाई दलाने वापरले तेच. इंजिन २७ लिटरचे, बारा सिलिंडरांचे. त्याला थंड ठेवायला पाणी आणि ग्लायकोल यांचे मिश्रण. दाबाखाली असल्यामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही. पण सोसण्याला सीमा असतेच. नातू विमान उभे चढवी आणि इंजिन पेटे. सलग तीन वेळा पेटले, तेव्हा मागून आवाज आला, “काटा बघ रे. तापलीय ती.”

मामा दारात उभे होते.

“लहान गिअर टाक. नाहीतर थांबव.”

“आजोबा, हवेत कुठे थांबवू?”

खरेच की! मामा गप्प झाले. आता परत माजघरात जाणार, असे मला वाटले. पण त्यांनी विचारले, “हिला वारा कुठून लागतो?”

“पंखाखालून. तिथे रेडिएटर आहे. त्याची झडप उघडता येते, पण उघडली की वाऱ्याला अडते आणि वेग कमी होतो. म्हणून मी बंद ठेवतो.”

“म्हणजे चढावर वेग कमी, वारा कमी, वर दारही बंद! अरे, माणूससुद्धा मरेल. नाक खाली कर. वेग येऊ दे. थोडा दम खाऊन मग चढ.”

नातवाने नाक खाली केले, थ्रॉटल मागे घेतला, झडप उघडली. काटा थरथरला आणि हळूहळू उतरला. मग टप्प्याटप्प्याने चढत स्वारी ढगांवर पोचली. मी व्याकरण शिकवणारा माणूस. पण त्या काट्याकडे इतक्या श्रद्धेने मी कधी घड्याळाकडेही पाहिले नसेल.

विमान उतरले. मामा घाईने म्हणाले, “लगेच बंद करू नकोस हो! घाटानंतर जरा चालू ठेवायची असते.”

“नाही आजोबा, ही उभी राहिली की उलट जास्त तापते. रेडिएटरला वाराच लागत नाही. धावपट्टीवर ताटकळलो तर उडायच्या आधीच उकळते.”

“अस्सं?” मामा म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “कशी उडवतात ती? दाखव बघू पहिल्यापासून.”